उंबऱ्यापर्यंतचा श्वास

डॉक्टर भला माणूस होता. खोटं बोलला नाही आणि खरंही फार वेळ सांगत बसला नाही. "घरी न्यायचं असेल तर आत्ताच न्या," एवढंच म्हणाला आणि सुनिमच्या हातात एक काळा रबरी फुगा दिला. तिच्या नवऱ्याच्या तोंडातून घशात गेलेल्या नळीला तो जोडलेला होता. दाबला की दोकजेची छाती वर यायची, सोडला की खाली बसायची.

"हात थांबू देऊ नका," डॉक्टर म्हणाला. "बाकी तुम्हाला मी काय सांगायचं?"

सांगायची गरज नव्हतीच. त्या मुलखात शेंबड्या पोरालाही माहीत असतं : घरात मेला तो पितर, बाहेर मेला तो भटका. बाजारात, वाटेवर, इस्पितळाच्या खाटेवर ज्याचा जीव गेला, त्याचं मढं पुन्हा घरात येत नाही. फाटकाबाहेर मांडव घालायचा, तिथेच ठेवायचं आणि तिथूनच डोंगरावर न्यायचं. मग दरवर्षी त्याच्या तिथीला पान वाढा, दारू ओता, डोकं टेका. तो आपला कुंपणाबाहेर घुटमळत राहतो, कारण घराची वाट त्याला कुणी दाखवलेलीच नसते.

दोकजेच्या बापाचं हेच झालं होतं. बाजाराच्या दिवशी बैल बघता बघता खाली कोसळला आणि तिथेच गेला. त्याच्याच थोरल्या भावानं, म्हणजे घराण्याच्या कर्त्या पुरुषानं, फाटक लावून घेतलं. भर पावसात गवती चटईखाली नवरा आणि त्याच्या पायाशी बायको, असे दिवस काढले होते सासूबाईंनी. दोकजे तेव्हा अंगावर पीत होता. ही गोष्ट सासूबाईंनी सुनेला कधी सांगितली नाही. पण वर्षश्राद्धाच्या दिवशी त्या एक वाटी भात कुणाला न सांगता फाटकाबाहेर नेऊन ठेवायच्या. सुनिमला कळायचं ते त्यावरून.

आता दोकजे. कोबी बाजारात टाकून येताना उतारावर पॉवर टिलर कलंडला आणि हा त्याच्याखाली. अंगावर ओरखडा नाही, जे लागलं ते सगळं डोक्यात. शेजाऱ्यांनी उचलून तसाच शहरात आणला होता. सुनिमला एकच गोष्ट हवी होती. नवरा जगणार नाही हे तिनं डॉक्टरच्या तोंडाकडे बघून ओळखलं होतं. पण तो फाटकाच्या आत, स्वतःच्या खोलीत, आईच्या शेजारी जायला हवा होता.

इस्पितळाची गाडी चालवणारा थाक नावाचा जाडजूड माणूस होता. असल्या फेऱ्यांत त्याचे केस पिकले होते आणि तोंड मात्र बंद राहत नव्हतं.

"वहिनी, घाई नको. एका लयीत दाबा. जात्यावर दळतो ना, तसं."

"तुम्ही दळलंय कधी?"

"बायको दळते. मी पडल्या पडल्या ऐकतो."

सुनिमला हसू आलं नाही, पण लय सापडली. उजवा हात दुखला की डावा. रस्ता खराब होता. प्रत्येक खड्ड्याला दोकजेचं डोकं हलायचं आणि ती ते मांडीनं आवळून धरायची. मधूनच एक गोष्ट घडायची. तिनं फुगा दाबायच्या आधीच दोकजे आपला आपण एक श्वास घ्यायचा, अर्धामुर्धा, हिसका दिल्यासारखा. फुगा तिच्या बोटांत आपोआप चपटा व्हायचा. तेवढा श्वास त्याचा होता. लग्नानंतर शेताच्या बांधावरून पुढे चालताना तो असाच एकदम पाऊल लांब टाकायचा आणि मग ही मागे राहिली म्हणून थांबायचा. तिला वाटायचं, तसंच करतोय.

"भाऊ, तुमच्या गाडीत कधी कुणी..." तिनं विचारायला सुरुवात केली.

"माझ्या गाडीत? छे! एकही नाही. आजवर एका माणसानं माझ्या गाडीत जीव सोडलेला नाही. उंबरा ओलांडेपर्यंत माणूस जिवंतच असतो, हा या गाडीचा कायदा आहे."

खिंड आली. खिंडीच्या माथ्यावर म्हातारं झाड, त्याला बांधलेल्या रंगीत चिंध्या आणि बुंध्याशी दगडांची रास. येणाऱ्या-जाणाऱ्यानं तिथे एक दगड ठेवायचा, ही रीत. तिथे थाकनं गाडी थांबवली.

"तुमचे हात गुंतलेत. मी ठेवून येतो तुमच्या वतीनं."

तो उतरला. इंजिन बंद झालं तशी केवढी तरी शांतता पसरली. सुनिमनं फुगा दाबला, सोडला. मग तिला वाटलं, आता तो आपला एक श्वास घेईल. म्हणून ती जरा थांबली. फुगा फुगलेलाच राहिला. ती आणखी थांबली. झाडावरच्या चिंध्या वाऱ्यानं फडफडत होत्या. तिनं घाबरून दाबला. छाती वर आली आणि रिकामं पोतं बसावं तशी खाली बसली.

थाक परत येऊन बसला. त्यानं आरशात पाहिलं. आयुष्यभर बडबडलेला माणूस, पण घाट उतरेपर्यंत त्याच्या तोंडून शब्द निघाला नाही. मग पुढे बघतच तो म्हणाला, "दाबा, वहिनी. थांबू नका."

ती दाबत राहिली. दोकजेच्या हनुवटीवर तिचं मनगट टेकत होतं. हनुवटी गार पडत चालली होती, ते तिला कळत होतं. कळतंय हे स्वतःला सांगायचं नाही, असं तिनं ठरवलं.

नामसिल गावात गाडी शिरली तेव्हा फाटकासमोर माणसं जमली होती. मधोमध थोरले मामंजी, दोकजेचे चुलते, घोड्याच्या केसांची काळी टोपी घालून उभे होते. फाटकाची एक फळी उघडी, एक बंद. बाजूला गवती चटया आणि चार बांबू आधीच आणून ठेवलेले. मांडवाची तयारी होती ती.

चौघांनी स्ट्रेचर उतरवलं. सुनिम बाजूनं चालत होती, हात फुग्यावर.

"थांबा," थोरले म्हणाले. "श्वास आहे?"

"आहे, मामंजी."

"तो फुगा आहे. मी श्वास विचारतोय." आवाज चढा नव्हता. या माणसाला ओरडावं लागत नसे. "दोकजेची आई कुठे आहे? कापूस आणा."

कापसाची परीक्षा जुनी आहे. नव्या कापसाचा पिंजून काढलेला पुंजका नाकातोंडाशी धरायचा. हलला तर माणूस आहे, नाही हलला तर गेला. सासूबाई पुढे आल्या. माहेर सोकगोकचं, म्हणून सारा गाव त्यांना सोकगोकवाली म्हणायचा. तागाचं कापड विणायचं, त्याचे मेलेल्यांचे कपडे शिवायचे आणि मेलेल्यांना न्हाऊ-माखू घालायचं, यातच त्यांची हयात गेली होती. मेलेलं माणूस त्यांच्या हाताला कळत नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

त्यांनी चिमटीत कापूस धरला. दुसरा हात लेकाच्या गालाखाली घातला. तो हात तिथे थिजला. सुनिमनं सासूच्या चेहऱ्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर रेघ हलली नव्हती, फक्त ओठ पांढरे पडले होते.

"दाब, पोरी," त्या हळूच म्हणाल्या.

सुनिमनं दाबला. नळीच्या कडेनं जराशी हवा फुसकन बाहेर आली आणि कापूस थरथरला.

"हलला," सासूबाई म्हणाल्या. मग मान वर करून थोरल्या दिराच्या डोळ्यांत बघत, गावासमक्ष, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं म्हणाल्या, "भाऊजी, माझा लेक जिवंत आहे. दार सोडा."

थोरले कापसाकडे बघत राहिले. मग अंगणातल्या पर्सिमनच्या झाडाकडे बघत राहिले, जणू त्याची फळं कधी उतरवायची याचाच विचार चाललाय. मग बाजूला झाले. एका फळीतून स्ट्रेचर तिरकं करून आत घ्यावं लागलं.

खोलीत नेऊन दोकजेला पूर्वेला डोकं करून निजवलं. सासूबाईंनी सगळ्यांना बाहेर घालवलं आणि दार ओढून घेतलं. सुनिम अजून दाबतच होती.

"सोड आता."

"आई, हात निघत नाहीये."

तो खरंच निघत नव्हता. बोटं फुग्याभोवती आखडली होती. सासूबाईंनी एकेक बोट सोडवलं आणि सुनेचा सुजलेला हात स्वतःच्या पोटाशी धरून ठेवला. मग त्यांनी नळी काढली, त्याचं तोंड पुसलं, हनुवटीखाली फडकं बांधलं आणि दार उघडून बाहेर म्हणाल्या, "गेला. आत्ता गेला."

पुढचं सगळं रीतसर झालं. शेजारचा चिलबोक दोकजेचं दुलईचं जाकीट घेऊन छपरावर चढला. घरच्या माणसानं हाक मारायची नसते आणि आई-बापानं तर मुळीच नाही. त्यानं उत्तरेकडे तोंड केलं, जाकीट हवेत फडकावलं आणि ओरडला, "नामसिलच्या क्वन घराण्याचा दोकजे, परत ये! परत ये! परत ये!" खाली उतरून जाकीट मयताच्या अंगावर पसरलं. तोवर कुणी रडायचं नसतं, न जाणो आत्मा वळून यायचा. आला नाही, म्हणून मग घरभर "आइगो, आइगो" असा आक्रोश सुरू झाला.

सुनिमच्या घशातून आवाज निघेना. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. नवरा गेला आणि ही बघा, कोरडी ठणठणीत! एक तर म्हणालीसुद्धा, "शहराची हवा लागली वाटतं." सासूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं की ती बाई पुढे घटकाभर नुसती खोकत राहिली.

संध्याकाळी सासू-सुना स्वयंपाकघरात होत्या. मयताला न्यायला तीन दूत येतात. त्यांच्यासाठी तीन वाट्या भात, तीन जोड गवती पायताणं फाटकाशी ठेवायची. सोबत काळं खारट सोयाबीनचं पाणी. दूतांना तहान लागावी, वाटेत ठिकठिकाणी पाण्याला थांबावं, म्हणजे आपल्या माणसाला तेवढीच विश्रांती. सासूबाईंनी त्यात वरून आणखी मूठभर मीठ टाकलं.

सुनिमच्या हातातून भाताचं उलथनं पडलं.

"आई, कुणासाठी वाढताय? आपलं माणूस तर केव्हाच गेलं."

सासूबाई ढवळत राहिल्या. "कुठे?"

"काय कुठे?"

"माझ्या हाताला कळलं तो मेलाय ते. कुठे मेला ते तुझ्या हाताला कळलं असेल. कुठे?"

"खिंडीत. दगडांच्या राशीपाशी." आणि मग तिला थांबवेना. "ते मधूनच आपले आपण श्वास घेत होते, आई. तिथून पुढे घेतला नाही. मी वाट बघितली. मला कळलं होतं. तरी मी गावभर खोटं बोलत आले. चिलबोकभाऊजी छपरावर ओरडत होते आणि मला दिसत होतं, ते तिथेच उभे आहेत, झाडाखाली. त्यांना ऐकूच जात नाहीये."

सासूबाई चुलीपुढे बसल्या.

"मढं घरात आणलं आपण," त्या म्हणाल्या. "आणि पोराला बाहेर ठेवलं. बापासारखं."

त्या उठल्या आणि स्वतःची पेटी उघडली. आत त्यांचे स्वतःचे अखेरचे कपडे होते. अधिक महिन्यात शिवलेले, कारण त्या महिन्यात देवांचं लक्ष नसतं म्हणतात. धाग्याला कुठे गाठ नव्हती; गाठ असली तर मेलेला अडकून पडतो. त्यासाठी ताग दोकजेनंच आणला होता. "आई, हे कपडे तयार असले की माणूस शंभरी गाठतं म्हणे, मग घाल की दोन-दोन जोड!" असं चिडवायचा. त्यांनी विजारीचं टोक उसवलं आणि लांबी वाढवायला घेतली.

"आई, ते तुमचे..."

"मला कुठे घाई आहे?"

उजाडायच्या सुमारास त्या मयताच्या खोलीत गेल्या. थोरले मामंजी जागरणाला बसले होते, भिंतीला टेकून, डोळे मिटून. सासूबाईंनी लेकाच्या अंगावरचं जाकीट अलगद उचललं, धुण्याच्या टोपलीत घातलं आणि सुनेला खुणावलं. अंगणात कुणीतरी विचारलंच. "मयताचं धुणं," त्या म्हणाल्या. ओढा डावीकडे होता. दोघी उजवीकडे वळल्या.

खिंड चढताना सासूबाईंना धाप लागत होती. सुनिम म्हणाली, बसा जरा. त्या म्हणाल्या, खाली उतरल्यावर बसेन. शेताच्या बांधांवर दहिवर पडलं होतं. वर पोहोचल्या तेव्हा झाडामागून सूर्य नुकता वर येत होता. राशीवर अगदी वर एक ओला, मातीचा दगड होता. थाकनं ठेवलेला असावा.

"तू बोलाव," सासूबाई म्हणाल्या. "आईनं हाक मारायची नसते. आई-बाप गेले तर डोंगरात पुरायचे, लेकरू गेलं तर काळजात. आईनं बोलावलं तर तो मातीत सुखानं निजायचा नाही. घरच्यांनीही मारायची नसते, पण इथे दुसरं कोण आहे? तू मार हाक."

सुनिमनं जाकीट घेतलं. कॉलर डाव्या हातात, कंबर उजव्या हातात, तोंड उत्तरेकडे. आणि ती तशीच उभी राहिली. नवऱ्याचं नाव तिनं कधी घेतलंच नव्हतं. लग्न झाल्यापासून नुसतं "अहो". गाडीतसुद्धा, शेवटच्या वाटेवरसुद्धा, "अहो, ऐकताय ना" असंच म्हणत आली होती.

"दो..." तिनं प्रयत्न केला. "क्वन दोकजे! परत या!"

आवाज समोरच्या डोंगरावर गेला आणि कुणा परक्याचा असल्यासारखा परत आला. चिंध्या हलल्या नाहीत. तिनं पुन्हा हाक मारली. तिचा आवाज तिलाच पोस्टमन पत्ता विचारतोय तसा वाटला. ती रडवेली झाली. "आई, माझ्या तोंडून त्यांना त्यांचं नाव ओळखूच येत नाही."

सासूबाई राशीपाशी बसल्या होत्या. जन्मभर रीत पाळलेली बाई. नवरा बाहेर ठेवला तेव्हाही तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या, सुनेच्या हातातलं जाकीट घेतलं, पण फडकावलं वगैरे नाही. दोन्ही हातांनी छातीशी धरलं आणि शेतात उशिरापर्यंत खेळणाऱ्या पोराला हाक मारावी तशी हाक मारली.

"दोकज्याऽऽ! ए दोकज्याऽऽ! भात गार होतोय, ये की रे घरी!"

वारा आला असेल. डोंगरावर सकाळी वारा सुटतोच. सगळ्या चिंध्या एकदम उठल्या आणि जाकिटाची बाही सासूबाईंच्या गळ्याशी येऊन लागली.

"आला," त्या म्हणाल्या. "किती रे उशीर."

त्यांनी जाकिटाची घडी केली, पाठीवर घेतली आणि तान्ह्या पोराला बांधतात तसं फडक्यानं कमरेशी घट्ट बांधलं. मग हात मागे नेऊन खालून आधार दिला. उतारभर त्या अधूनमधून पाठीवर थोपटत होत्या आणि काहीबाही बोलत होत्या. हा बघ ओढा. हे चिलबोकचं शेत. इथे वळायचं, विसरलास का. सुनिम रिकामी टोपली घेऊन मागून चालत होती.

फाटकासमोर थोरले मामंजी उभे होते. अंगावर तागाचे सुतकी कपडे, डोळे रात्रभर न मिटल्यासारखे लाल. त्यांनी भावजयीच्या पायांकडे पाहिलं. वहाणांना खिंडीतली तांबडी माती होती, ओढ्याची नव्हे. त्यांनी पाठीवरचं गाठोडं पाहिलं. सुनिमच्या हातातली टोपली पाहिली. सुनिमला वाटलं, आता विचारतील, आता सगळं उघडं पडेल, दोकजेला पुन्हा बाहेर काढतील.

सासूबाई थांबल्या. पाठीमागचा हात त्यांनी काढला नाही.

म्हातारा वळला. फाटकाच्या बंद फळीचा खालचा खिट्टा गंजून घट्ट झाला होता. सणासुदीलासुद्धा ती उघडत नसत. त्यानं वाकून तो ओढला, टाचेनं ठोकला, पुन्हा ओढला. फळी करकरत उघडली. मग त्यानं दुसरी फळीही मागे लोटली आणि डोक्यावरची टोपी काढून बाजूला उभा राहिला.

"बाहेर दहिवर पडलंय," तो म्हणाला. "त्याला आत घ्या." आणि जरा थांबून, पडलेल्या आवाजात, "त्याच्या बापालाही हाक मारा, दोकजेच्या आई. फाटकापाशीच असेल तो."

तेव्हा कुठे सुनिमच्या तोंडून आइगो फुटला.